पाठमोरा हिरो

महेंद्र रणपिसे फौजेतून हवालदार होऊन घरी आला, तेव्हा इनामगावानं त्याची स्टँडपासून विहारापर्यंत जीपमधून मिरवणूक काढली. गळ्यात हार, डोक्यावर निळा गुलाल, पुढं डीजे. विहारापाशी गाडी थांबल्यावर सरपंचांनी माईक त्याच्या हातात दिला आणि दुश्मन किती मारले ते गावाला कळू द्या म्हणाले. महेंद्र खरं बोलायच्या सवयीचा. त्यानं सांगितलं, की आपली सगळी नोकरी कपड्यांच्या स्टोअरमध्ये झाली. बर्फात उभ्या राहणाऱ्या जवानाला मोजे, कोट आणि बूट वेळेवर आणि त्याच्या मापाचे मिळावेत, एवढंच आपलं काम. डीजेवाल्यानं तेवढ्यात गाणं लावलं म्हणून बरं. नाहीतर आडनाव रणपिसे आणि काम मोजे वाटायचं, हे गावाला पचायला जड गेलं असतं.

गावानं त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. पुढं दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला त्याला खुर्ची, शाल आणि नारळ मिळत गेला. त्याचे वडील कोंडिबाआबा थंडीत त्याच शाली पांघरून पारावर बसत आणि पोराच्या लढाया सांगत. त्या लढाया महेंद्रनं बातम्यांतसुद्धा पाहिलेल्या नव्हत्या. एकदा त्यानं आबांना टोकलं, तर आबा म्हणाले, की तू तिकडं होतास, इथलं तुला काय माहीत.

वय एकेचाळीस. कारेगावला एका कारखान्याच्या गेटवर तो सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर होता. लग्न झालेलं नव्हतं. नोकरीत असताना दोनदा तारीख धरली आणि दोन्ही वेळा सुट्टी रद्द झाली. दुसऱ्या वेळी मुलीकडच्यांनी मांडव वाया जायला नको म्हणून त्याच तारखेला तिचं लग्न मंडपवाल्याच्या पुतण्याशी लावून दिलं. जोडी सुखात आहे, असं पुढं महेंद्रच्या कानावर आलं आणि त्यालाही बरंच वाटलं. त्यानंतर विचारणारे हळूहळू कमी झाले.

अशा माणसाकडं एके दिवशी शिरूरचे पप्पूशेठ आले.

पप्पूशेठ प्लॉटिंगच्या धंद्यातले. कुणाच्याही माळरानावर चार दगड रोवून त्याला 'व्हॅली' म्हणायची विद्या त्यांना अवगत होती. तरुणपणी ते फौजेच्या भरतीला उभे राहिले होते, पण छातीच्या मापात नापास झाले. आता ती छाती पोटाच्या आश्रयाला येऊन राहिली होती, तरी हौस जागच्या जागी होती. म्हणून त्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं. सिनेमाचं नाव 'बॉर्डरवर बाशिंग'. फौजी जीवनावरची हलकीफुलकी प्रेमकथा. कॅप्टन शौर्य सीमेवर असतो आणि कर्नलची मुलगी त्याच्या प्रेमात पडते. तिचं नावही सीमा. त्यामुळं, पप्पूशेठ म्हणाले, एकाच डायलॉगमध्ये देश आणि पोरगी दोन्ही उरकतात. कर्नलचं काम ते स्वतःच करणार होते.

"तुम्ही आमचे लष्करी सल्लागार," ते महेंद्रला म्हणाले. "पडद्यावर नाव येणार. सल्ला द्यायचा फक्त."

घेणार कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. पण आपण इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी काही विचारतंय, याचं महेंद्रला बरं वाटलं आणि त्यानं होकार दिला.

पहिलं काम गणवेशांचं निघालं. दौंडला रेल्वेवाले, पोलीस, होमगार्ड, शाळेची पोरं, सगळ्यांचे गणवेश शिवणारं एक जुनं दुकान होतं. दुकान भाग्यश्री चालवत असे. वडिलांच्या माघारी तिनं मशीन हातात घेतलं होतं. लग्न होऊन ती बार्शीला गेली होती, पण नवऱ्याचं म्हणणं होतं की घरातल्या बाईनं परक्या पुरुषांची मापं घ्यायची नाहीत. तिचं म्हणणं होतं, की मग तुम्ही मशीन चालवा. ते काही त्याला जमेना. वर्षभरात काडीमोड झाला आणि ती दौंडला परत आली. आता सदतिसाची होती, घरी आई गिताबाई होत्या, आणि दुकानासमोर गणवेशवाल्यांची रांग असे.

महेंद्रनं पिशवीतून गणवेशाचे फोटो काढून काउंटरवर ठेवले. भाग्यश्रीनं ते न बघताच विचारलं, कर्नल का कॅप्टन. मग एक तयार सदरा पुढं टाकला. महेंद्रनं तो उजेडात धरला, खिशाची घडी पाहिली, आणि काजावर बोट ठेवून म्हणाला, की हे काज एक सूत मोठं झालंय, बटण सुटेल.

तिनं चष्मा वर केला. "तुम्ही फौजेत काय होतात? कमांडो?"

"स्टोअरमध्ये होतो. कपड्यांच्या."

आता हसणार, असं त्याला वाटलं. पण भाग्यश्रीनं सदरा ओढून घेतला, काज नखानं तपासलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. मग बर्फातल्या कोटाला आतून कसलं अस्तर लावतात, शिवणीतून वारं शिरू नये म्हणून काय करतात, हे तिनं खोदून खोदून विचारलं. अर्धा तास गेला. महेंद्रला आयुष्यात कुणी अस्तराबद्दल विचारलेलं नव्हतं. तो बोलत राहिला, गिताबाईंनी मधे दोनदा चहा दिला, आणि रांगेतला एक होमगार्ड कंटाळून निघून गेला.

परतताना मोटारसायकलला किक मारता मारता त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. दुकानात येणारा जाणारा प्रत्येक जण तिला ताई म्हणत होता. त्याच्या तोंडून मात्र तो शब्द एकदाही निघाला नव्हता. पुढच्या खेपेलाही निघाला नाही. 'मॅडम' म्हणून त्यानं वेळ मारून नेली. आणि पुढच्या खेपा बऱ्याच झाल्या, कारण कॅप्टनच्या गणवेशाचं वरून दुसरं बटण सारखं तुटू लागलं.

एप्रिलमध्ये शूटिंग सुरू झालं. काश्मीर इनामगावात, घोड नदीच्या काठाला उभारलं होतं. हौशीराम नावाच्या बागायतदाराची कांद्याची चाळ रिकामी होती, तिला वाळूची पोती लावून तिचा बंकर केला होता. बर्फ थर्माकोलचा. वारा सुटला की काश्मीर उडून शेजारच्या वांग्याच्या रानात जाऊन बसे, आणि हौशीराम काठी घेऊन सीमेवर चालून येई. ऊन बेचाळीसच्या पुढं. जवानांचं काम करणारी गावातली पोरं लोकरी कोट घालून थंडीनं कुडकुडायचा अभिनय करत होती आणि घामानं त्यांच्या मिशा गळून पडत होत्या.

दिग्दर्शक केळशीकर पुण्याचे. त्यांनी परदेशी सिनेमे पुष्कळ पाहिले होते, त्यामुळं या सिनेमाकडं ते जरा दुखावल्यासारखेच बघत. हिरो विहान. त्याचे केस मानेवर रुळत होते आणि सलाम तो नौदलासारखा करत होता, तोही बोडक्या डोक्यानं. महेंद्रनं पुढं होऊन सांगितलं, की आपल्याकडं पंजा समोर दिसतो आणि डोक्यावर टोपी नसेल तर सलाम नसतो. विहाननं हात जोडून ऐकून घेतलं आणि पुन्हा तसाच सलाम केला, कारण पंजा समोर धरला की अर्धा चेहरा झाकतो, असं त्याच्या मॅनेजरचं मत होतं. केसांबद्दल महेंद्रनं तोंड उघडलं, तर केळशीकर म्हणाले, "रणपिसे, ही सिनेमॅटिक लिबर्टी आहे."

ही लिबर्टी रोज वाढत गेली. कॅप्टन बंकरमधून व्हिडिओ कॉल करू लागला. गस्तीवर जाताना त्याच्या खिशात गुलाब आला. एकदा केळशीकरांनी महेंद्रला बाजूला घेऊन विचारलं, की खरा फौजी लग्नाची मागणी कशी घालतो, त्यांना एकदम अस्सल पाहिजे होतं. महेंद्रनं विचार करून सांगितलं, की आधी सुट्टीचा अर्ज लिहितो, अर्ज साहेबाकडं जातो, साहेब बदलला तर परत लिहितो. केळशीकरांनी ते वहीत टिपून घेतलं आणि खाली लिहिलं, 'हेलिकॉप्टरमधून फुलं.' पुढं हेलिकॉप्टरच्या जागी ट्रॅक्टर आला, पण फुलं राहिली. हौशीरामाच्याच शेवंतीची.

महेंद्र संध्याकाळी घरी येऊन उगाच बूट पुसत बसे. आबांना वाटे, पोरगं दमलं. तसं नव्हतं. आपल्या हातून गेलेले कपडे घालून बर्फात उभी राहिलेली एकेक पोरं त्याला आठवत. त्यातला एक, बूट लहान होतोय म्हणून तीनदा बदलून घेणारा, परत आलाच नव्हता. सिनेमा हसण्यासाठी आहे, हे त्याला कळत होतं. फौजेत हसतात, पोट दुखेपर्यंत हसतात, तेही त्यानं केळशीकरांना सांगून पाहिलं होतं. पण तिथल्या हसण्याचं त्यांना काही घ्यायचं नव्हतं.

मग वडगाव रासाईचा प्रसंग घडला.

कर्नलचा गणवेश तयार होऊन आला तसे पप्पूशेठ तो अंगावरून उतरवेनात. शूटिंग असो नसो, ते त्यातच हिंडू लागले. शिरूरच्या बाजारात त्यांनी त्यात भाजी घेतली, एका प्लॉटची मोजणी केली. लोक वाट सोडू लागले, एक-दोघांनी सलाम ठोकले. शेठना ते मानवलं. हिरवट कापड महाग पडतं म्हणून त्यांनी साधं खाकीच घ्यायला लावलं होतं, पण भाग्यश्रीनं खांद्यावर सिंह आणि दोन तारे लावून दिले होते, कॉलरला लाल पट्ट्या दिल्या होत्या, तिथवर ठीक होतं. पण छातीवरच्या पदकांची जागा तिनं मोकळी सोडली होती, तर शेठनी पुण्याहून कुठून तरी पदकं आणून स्वतः टाचली. शौर्याची, सेवेची, धावण्याच्या स्पर्धेची, सगळी. त्यात एक पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाचंही होतं.

एक मेला वडगाव रासाईच्या एका संस्थेनं त्यांना झेंडावंदनाला बोलावलं. निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं, 'कर्नल पप्पूशेठ.' सल्लागार म्हणून महेंद्रही सोबत होता. भाग्यश्री होमगार्डांचे सदरे पोचवायला तिकडंच आली होती आणि पटांगणाच्या कडेला उभी होती. संस्थेच्या अध्यक्षांनी भाषणात सांगून टाकलं, की कर्नलसाहेबांनी सीमेवर रक्त सांडलंय. पप्पूशेठनी मान खाली घातली, नाही मात्र म्हणाले नाहीत. मग निवेदक म्हणाला, की आता इनामगावचे माजी सैनिक हवालदार रणपिसे आपल्या कर्नलसाहेबांना मानवंदना देतील.

सगळं पटांगण महेंद्रकडं बघू लागलं. तो उठून पप्पूशेठपुढं उभा राहिला, पण हात वर जाईना. पप्पूशेठ हसऱ्या तोंडानं वाट बघत होते. सगळ्या नोकरीत त्यानं कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, आणि आता म्हणायचं तर पाचशे माणसांसमोर म्हणायचं होतं.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "हा हात कापडाला न्हाई उठत."

पप्पूशेठचं हसू जागच्या जागी थिजलं. अध्यक्षांनी पुन्हा घोषणा करायला माईक घेतला. आणि त्याच वेळी पटांगणाच्या कडेनं भाग्यश्री गळ्यात टेप अडकवून शांतपणे चालत आली. आली ती सरळ शेठपुढं.

"शेठ, फिटिंग राहिलंय," ती म्हणाली. "हात वर करा."

शिंप्यानं हात वर करा म्हटलं की माणूस करतोच. पप्पूशेठनीही केले. भाग्यश्रीनं कमरेची छोटी कात्री काढली आणि छातीवरची पदकं एकेक करून उतरवायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी ती मोठ्यानं, कामाच्या आवाजात सांगत होती. हे वजनानं कापड ओढतंय. याची जागा चुकलीय. हे तर पतसंस्थेचं आहे. मग खांद्यावरच्या पट्ट्यांची शिवण उसवली, कॉलरच्या लाल पट्ट्या काढल्या, सगळं पिशवीत टाकलं, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि म्हणाली, की आता सरळ बसलंय. मग पुढं झुकून फक्त शेठना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं सांगितलं, की सिनेमाबाहेर फौजेचा गणवेश घालून मिरवणं हा गुन्हा होतो, आणि आतल्या लेबलवर शिवणारीचं नाव माझं आहे.

उरला तो साधा खाकी सदरा. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं आईला विचारलं, की हे एसटीतले काका का गं. हसू आधी दाबून आलं, मग सगळ्या पटांगणात पसरलं. झेंडावंदन शेवटी संस्थेच्या सर्वांत जुन्या शिपायाच्या हस्ते झालं. त्याचा खाकी सदरा तरी त्याचा स्वतःचा होता.

त्या दुपारी पप्पूशेठनी महेंद्रला सल्लागार पदावरून काढून टाकलं. महेंद्रला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं दिवसभर ती कात्री चाललेली होती.

चार दिवसांनी सिनेमाच अडला. थर्माकोल आणि घाम यांच्या संगनमतानं विहानच्या अंगावर पुरळ उठलं आणि त्याचा मॅनेजर त्याला गाडीत घालून मुंबईला घेऊन गेला. हिरॉईन समृद्धी कणसे हिनं दुसऱ्या मालिकेला तारखा दिल्या होत्या, तीही गेली. आणि मुख्य सीन बाकी होता. लग्न ठरल्यावर शौर्य आणि सीमा नदीकाठानं सूर्याकडं चालत जातात, तो. केळशीकर डोक्याला हात लावून बसले. मग त्यांनीच मार्ग काढला. दोघांना पाठमोरं दाखवायचं. ताठ चालणारा माणूस पाहिजे आणि समृद्धीच्या उंचीची बाई पाहिजे.

पप्पूशेठनी आधी नाव घ्यायलाच नकार दिला. पण गावातली सगळी पोरं चालून दाखवून झाली, एकाचीही पाठ फौजी दिसेना. शेवटी केळशीकर स्वतः कारेगावच्या गेटवर गेले आणि महेंद्रची ड्युटी संपेपर्यंत बाहेर उभे राहिले. महेंद्र यायला तयार झाला. समृद्धीचे ब्लाउज भाग्यश्रीच्याच मापावर बेतून शिवलेले होते, म्हणून तिला बोलावलं. तीही आली. का आली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. गिताबाईंना फक्त एवढं बोलली, की दुकान आज बंद.

कॅप्टनचा गणवेश चढवताना महेंद्रला अवघडल्यासारखं झालं. हवालदारानं खांद्यावर तीन तारे लावायचे म्हणजे काय. भाग्यश्रीनं त्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "तारे कच्च्या टाक्यावर लावलेत. सीन झाला की एका ओढीत निघतील." त्याला एकदम हलकं वाटलं.

नदीच्या वाळूत दोघं उभे राहिले. पाठीमागं, बऱ्याच लांब कॅमेरा. केळशीकरांनी भोंग्यातून सांगितलं, की रमत चाला, एकमेकांशी बोलत राहा. काय बोलायचं, असं महेंद्रनं वळून विचारलं. भोंग्यातून उत्तर आलं, "काहीही बोला. बाराखडी म्हणा. आवाज नंतर भरू."

ते चालू लागले. महेंद्रची पावलं आपोआप परेडची पडू लागली, तेव्हा ती म्हणाली, की जरा दमानं, मी काय बँडबरोबर आलेली न्हाई. त्यानं चाल कमी केली. समोर घोड नदीचं पाणी चकाकत होतं.

"बोला की," भाग्यश्री म्हणाली. "नुसतं चालायला सांगितलेलं न्हाई."

"मी एकेचाळीसचा हाय," महेंद्र म्हणाला. इतका वेळ वाटेत अडलेलं एकदम सुटल्यासारखं झालं. "साखर न्हाई, बीपी न्हाई. दारू कवा घेतली न्हाई. वडील हायत, ते खोटं बोलत्यात, पण मनानं चांगले हायत. मी सारखा तुमच्या दुकानात येतोय, ते बटणासाठी न्हाई."

"ठाऊक हाय मला. तुटलेलं बटण आन् तोडलेलं बटण, दोऱ्यावरनं कळतं. पहिल्या खेपेलाच कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

"बटण लावायला मला काय जड होतं?" ती म्हणाली. मग समोर बघतच तिनं आपलं सांगून टाकलं. "मी मशीन सोडणार न्हाई. आई माझ्यापाशीच ऱ्हाईल. आन् मापं घ्यायची म्हंजी अंगाला हात लागतो, त्यावरनं एक शब्द ऐकून घेणार न्हाई. एकदा ऐकलाय, तेवढा पुरे. आन् दौंड सोडून मी कुठं यायची न्हाई."

"मला बदलीची सवय हाय," महेंद्र म्हणाला. "मी येतो दौंडला."

मागून भोंगा ओरडला. हात धरा, हात. महेंद्रनं बोटं पुढं केली आणि मधेच थांबवली.

"धरू?"

"डायरेक्टर म्हणतायत म्हणून नगा," भाग्यश्री म्हणाली. "तुम्ही इचारलंत, म्हणून धरा."

त्यानं हात धरला. तिच्या अंगठ्यावर सुईच्या टोचणीनं झालेला घट्टा होता, तो त्याच्या तळव्याला लागला. दोघं चालायचं विसरले. ते तसेच उभे राहिले आणि सूर्य नदीपलीकडच्या उसात टेकला.

भोंग्यातून कट ऐकू आलं. त्यापाठोपाठ असंही कळलं, की कॅमेऱ्यापुढून हौशीरामाची म्हैस गेली, तेव्हा उद्या पुन्हा घ्यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर ते पुन्हा त्याच वाळूत आले. आता सगळं परत बोलायचं का, असं तिनं विचारलं. महेंद्र म्हणाला, बोलू की. आणि त्यानं एकेचाळीसपासून सगळं पहिल्यासारखंच सांगितलं. फक्त रात्री विचार केल्यावर एक गोष्ट राहिली असं त्याला वाटलं होतं, तीही घातली. तो घोरतो. तिनंही आपल्या अटी पुन्हा सांगितल्या आणि घोरण्याचं बघू म्हणाली. केळशीकर मागं डोळे पुसत होते. हे कसं जमवलं, असं त्यांनी नंतर विचारलं, तर महेंद्र म्हणाला, बाराखडी म्हणत होतो.

लग्न जूनमध्ये दौंडच्या विहारात झालं. चाळीस माणसं. कोंडिबाआबांनी सुनेला पहिल्याच दिवशी महेंद्रची एक लढाई सांगितली. तिनं ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, की त्या वेळी त्यांच्या अंगात कोट कुठला होता. तेव्हापासून ते लढाया पारावरच सांगतात.

'बॉर्डरवर बाशिंग' जानेवारीत शिरूरच्या टॉकीजमध्ये लागला. एक आठवडा. महेंद्र आणि भाग्यश्री रविवारी दुपारच्या खेळाला गेले, आबाही आले. थेटर निम्मं भरलं होतं, त्यातले निम्मे शेठकडं प्लॉट बुक केलेले. विनोदाच्या जागी लोक गप्प बसत होते आणि थर्माकोल उडाला की हसत होते. कर्नलच्या मरणाच्या सीनला तर शिट्ट्या पडल्या. मग नदीचा सीन आला. पडद्यावर दोन पाठी चालत निघाल्या आणि थेटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. पुरुषाची पावलं आधी ताठ पडत होती, मग सैल होत गेली. बाईनं समोर बघत काहीतरी सांगितलं. पुरुषाचा हात पुढं आला, मधे थांबला. या सगळ्यावर विहानचा आवाज घातलेला होता. "मी सीमेचं रक्षण करतो, सीमा, आणि सीमा माझ्या मनाचं." मागच्या रांगेतली एक म्हातारी डोळ्याला पदर लावून शेजारणीला म्हणाली, बोलणं काही कळत न्हाई, पण मनापासून चाललंय बाई.

आबांनी मान ओळखली. "आमच्या महिंद्राची मान हाय ती," असं त्यांनी आधी डावीकडं सांगितलं, मग उजवीकडं. दोन्हीकडच्यांनी त्यांना गप्प बसवलं. एवढा मोठा हिरो, त्याची मान इनामगावची कशी असेल.

पुढं एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं. सिनेमा सुमार आहे, पण पाठमोऱ्या दृश्यात विहान यांनी केस बारीक करून केवळ पाठीतून जे व्यक्त केलं ते अभ्यासकांनी पाहण्यासारखं आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्या पाठीला एका सोहळ्यात उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कारही मिळाला. विहाननं तो घेताना भूमिकेसाठी आपण दोन महिने जवानांबरोबर राहिलो, असं सांगितलं. पडद्यावर सल्लागाराचं नाव आलं नव्हतंच. पप्पूशेठना पुरस्काराचा असा काही हुरूप आला, की आता नौदलावर काढू म्हणतात. धरणाची जागा बघून ठेवलीय.

त्या रविवारी खेळ सुटला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. आबांना इनामगावच्या एसटीत बसवून दिलं आणि दोघं मोटारसायकलवरून दौंडला निघाले. वाटेत रेल्वेचं गेट पडलेलं होतं आणि मालगाडी काही संपत नव्हती. मागं बसलेली भाग्यश्री उद्याची कामं सांगत होती. स्टेशनवरच्या हमालांचे लाल सदरे बेतायचे आहेत, गिताबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचंय, आणि काजाची सुई बोथट झालीय, ती आणायची. महेंद्र ऐकत होता. गाडी लांबच लांब होती, त्याला काही घाई नव्हती.

"सुई सोळा नंबरची का चौदाची?" त्यानं विचारलं.

"चौदाची," ती म्हणाली, आणि गेट वर झालं.